ट्रॅक्टर मोठा, तरी तोंड हलकं का?

प्रश्न : आमच्याकडं बारा वर्षं ३५ एचपीचा ट्रॅक्टर होता. यंदा तो देऊन ५० एचपीचा नवा घेतला. ट्रॉली मात्र तीच आहे, दोन चाकी, गावातच बनवलेली. नव्या ट्रॅक्टरची चाकं मोठी आहेत, तो जुन्यापेक्षा उंचही आहे. तरी ट्रॉली जोडली की तिचं नाक खाली जातं, आणि भरलेली असताना मळ्याच्या वाटेचा चढ लागला की स्टिअरिंग एकदम हलकं होतं. एकदा तर पुढची चाकं वीतभर उचलली. जुन्या ट्रॅक्टरनं असं कधी केलं नाही. ट्रॅक्टर मोठा घेऊनही तोंड हलकं का? वेल्डर म्हणतो, ‘हूक वर उचलून थोडा मागं घेऊ, ट्रॉली सरळ होईल.’ काय करावं?
— एक ऊस उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : आधी वेल्डरला थांबवा. बाकीचं उत्तर लांबलचक आहे, पण ते वाचून होईपर्यंत हुकाला कुणी हात लावू नये म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहितो. ट्रॉली सरळ दिसावी यासाठी ट्रॅक्टरचा हूक वर आणि मागं नेणं हा आपल्याकडं सर्रास होणारा बदल आहे. त्यानं ट्रॉली सरळ दिसते, आणि ट्रॅक्टर मागच्या मागं उलटण्याची तयारी होऊन बसते.

आता तुमचं कोडं. ट्रॅक्टर उंच झाला, मग ट्रॉलीचं नाक खाली कसं गेलं? ३५ एचपीच्या ट्रॅक्टरला मागं सहसा १२.४-२८ किंवा १३.६-२८ मापाचे टायर येतात. ५० एचपीला १४.९-२८ किंवा १६.९-२८. यातला पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. रिम तीच अठ्ठावीस इंची, पण टायर रुंद झाला की उंचही होतो. १३.६ वरून १६.९ वर गेलात तर मागचा एक्सल जमिनीपासून साधारण दोन-अडीच इंच वर जातो. नुसता टायरचा फरक असता तर तुमच्या ट्रॉलीचं नाक वर गेलं असतं. ते खाली गेलं, यावरून मला वाटतं की जुन्या ट्रॅक्टरचा हूक कंपनीनं दिलेल्या जागेवर नव्हता. बारा वर्षांत कधीतरी तो कुणीतरी वर घेतला असणार आणि गावातली ट्रॉली त्या वर घेतलेल्या हुकाच्या मापानं बेतली असणार. नव्या ट्रॅक्टरचा हूक आहे तिथंच बरोबर आहे. चुकीचं माप ट्रॉलीच्या दांडीत आहे. जुना ट्रॅक्टर जवळपास कुणाकडं असेल तर टेप घेऊन जा आणि जमिनीपासून हुकापर्यंतची उंची मोजून पाहा.

तोंड हलकं होण्याचं कारण मात्र बैलगाडीपासून समजून घ्यावं लागेल, कारण दोन चाकी ट्रॉली ही मुळात बैलगाडीच आहे. ज्यांनी गाडी जुंपली आहे त्यांना ठाऊक असतं की ओझं आसाच्या मागं गेलं की गाडी उलाळते, जू वर उठतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. ओझं फार पुढं आलं तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून जुना गाडीवान माल भरून झाला की जुवाखाली हात घालून ते उचलून बघायचा. हाताला थोडं जड, पण उचलता येईल इतपत लागलं की गाडी बसली. मग चार पेंढ्या पुढं, दोन मागं अशी हलवाहलव व्हायची आणि गाडी निघायची. ट्रॅक्टर आल्यावर जुवाखाली हात घालणं थांबलं, कारण लोखंडाला मान दुखत नाही असं आपण धरून चाललो. पण ट्रॅक्टरलाही मान आहे. ती त्याच्या पुढच्या चाकांत आहे.

दोन चाकी ट्रॉलीचा काही भार हुकावर येतोच. हूक ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलच्याही मागं असतो. त्यामुळं मागचा एक्सल खिळ्यासारखा मध्ये राहतो आणि ट्रॅक्टर तराजूसारखा वागतो. मागं दाबलं की पुढं उचलतं. हा झाला पहिला जोर. दुसरा जोर ओढीचा. ट्रॉली मागं ओढते ती हुकाच्या उंचीवरून, चाकं जमिनीला धरतात ती खाली. ओढ जितक्या उंचीवरून, तितकी ती ट्रॅक्टरला मागं पाडायला बघते. उभ्या माणसाला कमरेला धरून ओढलं तर तो पाय रोवून उभा राहतो, खांद्याला धरून ओढलं तर मागं झुकतो. फरक इतका साधा आहे.

हिशेबच मांडून पाहू. समजा ट्रॅक्टरचं वजन २००० किलो, त्यातलं ७२० किलो पुढच्या चाकांवर. पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर २ मीटर. भरलेली ट्रॉली ६ टन, तिचा हुकावरचा भार ६०० किलो. हूक एक्सलच्या मागं ७० सेंटिमीटर आणि जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच. सपाट जागी नुसता उभा असताना हुकावरच्या भारानं पुढचं वजन २१० किलोनं कमी होतं, उरतात ५१०. आता दहाला एक असा चढ घ्या. म्हणजे दहा फूट पुढं गेलं की एक फूट वर. मळ्याच्या वाटेवर हा चढ मुळीच विशेष नाही. ६ टनांची ट्रॉली या चढावर नुसत्या उतारामुळं ६०० किलोच्या जोरानं मागं ओढते, वर कच्च्या वाटेवर चाकं फिरवायला आणखी दोनशे धरा. या ८०० किलोच्या ओढीनं पुढचं वजन १८० किलोनं उतरतं. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजनही चढावर मागं सरकतं, त्याचे ७५. हातात उरले २५५ किलो. कमीच आहेत, पण स्टिअरिंग जमिनीला धरून राहील.

आता तुमच्या वेल्डरचं ऐकू. हूक २० सेंटिमीटर मागं आणि २५ सेंटिमीटर वर. म्हणजे तो जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर, मागच्या एक्सलच्याही किंचित वर गेला. हुकावरचा भार तोच, पण आता तो २७० किलो उचलतो. ओढ तीच, पण ती २८० उचलते. ट्रॅक्टरचे स्वतःचे ७५ आहेतच. ७२० मधून ६२५ गेले, उरले ९५. दोन हजार किलोच्या यंत्राची दिशा एका माणसाच्या वजनाएवढ्या भारावर सोपवलेली. त्यात एक खड्डा, एक दगड किंवा क्लच झटक्यात सोडणं, एवढंच पुरतं. ट्रॉली मात्र लोकांना छान सरळ दिसेल.

खाली बसवलेल्या हुकात आणखी एक गुण आहे. ट्रॅक्टरचं तोंड उचलू लागलं की एक्सलच्या मागं असलेला खालचा हूक आणखी खाली जातो. ओढ जमिनीच्या जवळ येते, तिचा जोर कमी होतो आणि ट्रॅक्टर स्वतःला सावरू बघतो. उंच बसवलेल्या हुकाची ओढ तेव्हाही जास्त उंचीवरूनच राहते आणि सावरायला तेवढी संधी देत नाही. मागच्या बाजूनं उलटताना परतीची वेळ एका सेकंदाच्या आतच निघून जाते. क्लच दाबायचा हे कळून पाय तिथं पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणूनच तुमची चाकं वीतभर उचलली हे वाचून मी अस्वस्थ झालो. कृपा करून ती गोष्ट ‘जरा उचललं होतं’ म्हणून सोडून देऊ नका.

पण जुन्या ट्रॅक्टरचा हूक वर असूनही तो कधी उचलला नाही, मग नवाच का? याचं उत्तर एचपीमध्ये आहे. ज्या गिअरमध्ये जुना चढावर दम टाकायचा, इंजिन घरघरून बंद पडायचं, त्याच गिअरमध्ये नवा चढून जातो. जुन्याचं इंजिन बंद पडणं ही तक्रार वाटायची, पण तोंड उचलायच्या आधी जोर संपत असल्यामुळं तेच त्याचं रक्षण होतं. शिवाय ट्रॅक्टर मोठा आला की ट्रॉलीही जास्त भरली जाते. तुम्ही पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण फळ्यांच्या वर दोन थर जास्त चढले असतील तर तेही बघा. नाक खाली गेलेल्या ट्रॉलीत तो जास्तीचा ऊस पुढच्या बाजूला जड होतो आणि हुकावर येऊन बसतो. एचपी ओढण्यासाठी असतो. ट्रॅक्टरला जमिनीवर धरून ठेवायचं काम त्याच्या वजनाचं, आणि तेही योग्य जागी असलेल्या वजनाचं.

शंभर वर्षांपूर्वी हीच अडचण जगभरच्या शेतकऱ्यांपुढं होती. हेन्री फोर्ड यांचा फोर्डसन ट्रॅक्टर १९१७ साली आला, स्वस्त होता, हलका होता आणि खूप खपला. पण मागचा नांगर मुळीत किंवा दगडात अडकला की तो घोड्यासारखा पुढचे पाय वर करून उभा राहायचा, आणि त्याखाली चालक गेले. आयर्लंडमधले हॅरी फर्ग्युसन या दुखण्यावर काम करत होते. आज जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागं दिसणारी थ्री पॉइंट लिंकेज ही त्यांची देणगी. १९२६ सालचं त्याचं पेटंट आहे. त्यात खाली दोन दांडे ओढतात आणि वरची टॉप लिंक नांगराच्या जोरानं ट्रॅक्टरला पुढं ढकलते, म्हणजे त्याचं तोंड खाली दाबून ठेवते. टॉप लिंकची जागा ढकलण्यासाठी आहे. तिथंच पिन घालून ट्रॉली, अडकलेली गाडी किंवा झाडाचा बुंधा ओढणारे मी पाहिले आहेत. ज्या जागेतून तोंड खाली दाबलं जायचं, त्याच जागेतून आपण ते वर खेचतो. असं कुणी करताना दिसलं तर ओळखीचा असो-नसो, त्याला थांबवा.

लिंकेजच्या दोन खालच्या दांड्यांमध्ये बसणारी भोकांची पट्टी, तिच्यावरही भरलेली ट्रॉली ओढू नये. हायड्रॉलिकनं ती वर उचलली जाते, आणि उचललेली पट्टी म्हणजे पुन्हा उंच हूक. चुकून लिव्हरला हात लागला तरी पुरे.

आता प्रत्यक्ष काम. सपाट, घट्ट जमिनीवर ट्रॅक्टर उभा करा. चारही चाकांची हवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर आणा. टायर बसके असले की सगळी मापं खोटी येतात. हुकाच्या चौकटीला उभ्या रांगेत भोकं असतील तर कंपनीनं ट्रॉलीसाठी सांगितलेल्या भोकात तो घ्या, आणि कुठल्याही परिस्थितीत मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा वर जाऊ देऊ नका. जमिनीपासून हुकाच्या तोंडापर्यंतचं माप लिहून ठेवा. मग ट्रॉली भरलेली असताना, तिच्या दांडीखाली मजबूत जॅक लावून, चौकटीच्या पुढच्या आणि मागच्या कोपऱ्याची जमिनीपासूनची उंची सारखी होईपर्यंत जॅक वर-खाली करा. रिकाम्या ट्रॉलीवर हे माप घेऊ नका, भार पडल्यावर पाटे आणि टायर दबतात. ट्रॉली समतल झाली की दांडीच्या टोकाची कडी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. या मापातून हुकाचं माप वजा केलं की कडी किती खाली घ्यायची तो आकडा मिळाला.

तेवढी कडी खाली घ्यायची. बदल ट्रॉलीच्या दांडीत करायचा, ट्रॅक्टरमध्ये नाही. वेल्डरला काम द्यायचंच असेल तर हे द्या, पण टोकाला एक पट्टी चिकटवून भागवू नका. दांडीच्या तोंडाला जाड प्लेटचा जबडा करून घ्या, त्याला दोन-तीन उंचीवर भोकं ठेवा आणि कडी बोल्टनं बसवा, म्हणजे उद्या पुन्हा ट्रॅक्टर बदलला तर कापाकापी नको. आतून तिरपे आधार हवेत. जुन्या वेल्डिंगवर केसासारखी रेघ दिसली तर तिच्यावर नवा थर चढवू नका. तो भाग कापून काढा. ही दांडी सगळा हंगाम झटके खाते. ट्रॅक्टरच्या मागच्या घराला वेल्डिंग का नको, हे वेल्डरलाही समजावून सांगा. ते ओतीव लोखंड असतं आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याला सहज तडा जातो. आत गिअर आणि तेल आहे. तडा गेला तर ट्रॅक्टर नवा असूनही वॉरंटी विचारायला तोंड उरणार नाही.

मग काट्यावर जा. कारखान्याचा असो वा गावातला, हंगामाआधी काटेवाल्याला पाच मिनिटं मोकळी असतात. पहिल्यांदा नुसत्या ट्रॅक्टरची फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या आणि आकडा लिहा. मग पूर्ण ट्रॅक्टर. नंतर नेहमीसारखी भरलेली ट्रॉली जोडून पूर्ण ट्रॅक्टर काट्यावर, ट्रॉलीची चाकं बाहेर. या दोन पूर्ण वजनांतला फरक म्हणजे हुकावरचा भार. शेवटी ट्रॉली जोडलेलीच ठेवून फक्त पुढची चाकं. हा शेवटचा आकडा ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या किमान पाचवा हिस्सा असायला हवा. दोन हजारांच्या ट्रॅक्टरला चारशे. त्याच्या खाली असेल तर ट्रॅक्टर तुमच्या स्टिअरिंगचं ऐकेल याची खात्री नाही, मग तो किती का एचपीचा असेना. चढाचा रस्ता असेल तर चारशेवर समाधान मानू नका. वर मांडलेल्या हिशेबात ५१० असूनही चढावर निम्मेच उरले होते.

आकडा कमी आला तर आधी मोळ्या हलवा. गाडीवानाची युक्ती इथं जशीच्या तशी लागू पडते. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर असावा. त्याहून फार जास्त असेल तर ओझं मागं सरकवा. पण हुकावर काहीच भार नाही अशी वेळ आणू नका. ट्रॉली उलाळली की ती ट्रॅक्टरची मागची चाकं उचलायला लागते, आणि मागच्या चाकांतच तुमची ओढ आहे, ब्रेकही तिथंच आहेत. भरण्यात बदल करूनही आकडा येत नसेल तरच पुढं लोखंडी वजनं लावा. ती पुढच्या एक्सलच्याही पुढं टांगलेली असतात, म्हणून किलोला किलोपेक्षा जास्त देतात. आपल्या हिशेबातल्या ट्रॅक्टरला एक्सलच्या ६० सेंटिमीटर पुढं १०० किलो लावले तर पुढच्या चाकांवर १३० वाढतात.

काट्याला जायच्या आधी तुमच्या मॉडेलचा चाचणी अहवाल मिळाला तर पाहा. मध्य प्रदेशात बुदनी इथं केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालांत पुढच्या-मागच्या चाकांवरचं वजन आणि एक्सलमधलं अंतर दिलेलं असतं. जाहिरातीत हे आकडे मोठ्या अक्षरात कुणी छापत नाही, पण ट्रॅक्टर घेताना एचपीच्या आधी हेच विचारावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

जोडणीबद्दल काही सांगायचं राहिलं. नव्या हुकाचं तोंड आणि जुन्या कडीचं भोक एकमेकांना साजेसं आहे का ते बघा. कडी झिजून लांबट झाली असेल किंवा पिन तिच्यात खुळखुळत असेल तर प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक क्लचला हातोडा बसल्यासारखा झटका बसतो. पिन हुकाच्या मापाचीच हवी, डोकं असलेली, आणि खालून काटा-पिन लावलेली. सळईचा तुकडा, उरलेला बोल्ट, तारेचा वेढा यांवर सहा टन सोडू नका. सोबत एक साखळी हवीच. तिचं टोक ट्रॅक्टरच्या चौकटीला बांधा, त्याच पिनला अडकवलेली साखळी पिन तुटल्यावर काय कामाची? लांबी इतकी ठेवा की वळताना ताण येऊ नये आणि पिन निसटली तर दांडी रस्त्यात रुतू नये. नवे टायर रुंद आहेत, म्हणून मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, टायर दांडीला घासतो का ते. आणि जोडताना ट्रॅक्टर मागं येत असेपर्यंत मध्ये कुणीही उभं राहायचं नाही. पोरगं पिन घेऊन मध्ये उभं आणि बाप आरशात न बघता मागं येतोय, हे दृश्य प्रत्येक गावात रोज दिसतं. ट्रॅक्टर थांबला, हँडब्रेक लागला, ट्रॉलीच्या चाकांना दगड लागले, मगच माणसानं मध्ये जावं.

तुमची ट्रॉली हायड्रॉलिकनं उलटणारी असेल तर एक गोष्ट हमखास विसरली जाते. तिच्या जॅकमध्ये जुन्या ट्रॅक्टरचं तेल आहे. बहुतेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं, त्यामुळं पाइप जोडून पहिल्यांदा ट्रॉली उचलून खाली घेतली की ते जुनं, मळकट तेल नव्या गिअरबॉक्समध्ये परत येतं. आधी जॅक आणि पाइप रिकामे करून घ्या, नव्या ट्रॅक्टरला चालणारं तेल भरा आणि जॅक भरल्यावर तेलाची पातळी पुन्हा बघा.

कागदांचं थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रॅक्टर वेगळा आणि ट्रेलर वेगळा आहे. नव्या ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीची नोंद आहे का हे पॉलिसी हातात घेऊन वाचा. तोंडी ‘सगळं आहे’ वर विसंबू नका.

प्रश्न (त्याच पत्रातून) : शेजारी म्हणतात, मागच्या टायरांत पाणी भरलं की तोंड उचलत नाही. खरं आहे का?

उत्तर : नाही. मागच्या टायरातलं पाणी मागच्या एक्सलवरच राहतं, पुढच्या चाकांवर त्यातलं एक किलोही जात नाही. उलट पाण्यानं मागची पकड वाढते, चाकं सुटायची थांबतात आणि जो जोर पूर्वी चाक फिरण्यात जायचा तो आता तोंड उचलण्यात जातो. चिखलात चाक घसरत असेल तर पाणी हा चांगला उपाय आहे. तुमच्या दुखण्यावर तो औषध नाही.

प्रश्न : कारखान्याला ऊस नेताना आम्ही चार चाकी दोन ट्रॉल्या जोडणार आहोत. तिथंही हुकाचा हाच नियम का?

उत्तर : उंचीचा तोच, भाराचा वेगळा. चार चाकी ट्रॉली स्वतःच्या चाकांवर उभी असते, हुकावर जवळजवळ काही टाकत नाही. त्यामुळं हुकावरच्या भारानं तोंड उचलत नाही, पण ओढ दोन ट्रॉल्यांची असते, तेव्हा उंच हूक तिथं अधिकच वाईट. आणि खरी परीक्षा उतारावर. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मागचे पंधरा-वीस टन ट्रॅक्टरला पुढं ढकलतात आणि दांडी तिरकी असेल तर त्याला आडवा करतात. रस्त्यावर डाव्या-उजव्या ब्रेकच्या पेडलांची कडी लावलेली असलीच पाहिजे, नाहीतर एकच चाक थांबेल आणि ट्रॅक्टर फिरेल. ज्या गिअरनं तो चढ चढला असता, त्याच गिअरनं उतरा. उतारावर क्लच दाबू नका. डिझेल वाचवायला न्यूट्रल तर कधीच करू नका. उतारावरच्या न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर कुणाचाच नसतो. मागच्या ट्रॉलीचे दिवे आणि रिफ्लेक्टर रोज पुसा, धुळीनं ते आठ दिवसांत दिसेनासे होतात.

हे सगळं इतक्या तपशिलानं लिहायचं कारण त्या ट्रॉलीत नुसता ऊस नसतो. दिवाळीच्या आसपास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात त्या याच ट्रॉल्यांतून, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं यांच्यासकट, रात्रीच्या वेळी, घाट उतरून. त्यांना हुकाची उंची विचारायचा अधिकार कुणी दिलेला नसतो. तो विचार मालकानं करायचा.

गळीत हंगाम सुरू व्हायला अजून अवधी आहे. कडी खाली घेऊन झाली की काट्यावरचे चारही आकडे, हुकाची उंची आणि एक्सलपासून हुकापर्यंतचं अंतर एका कार्डावर लिहून आम्हाला पाठवा. हिशेब तपासून लगेच कळवू. तोवर भरलेली ट्रॉली चढावर नेऊ नका.